आठव्या लेनमधली केतकी

आशियाई स्पर्धांमधली चारशे मीटरची शर्यत सुरू व्हायच्या आधी इंदुताईंनी टीव्हीपुढे उभं राहून मीठ-मोहरीने आठव्या लेनमधल्या केतकीची दृष्ट काढली. इतरांच्या घरी ती लेन रिकामी दिसायची.

त्यांची लेक केतकी सतराव्या वर्षी सरावाला जाताना अपघातात गेली. तिच्या शाळेतल्या शर्यतींच्या वेळा टीव्हीला दिल्यापासून तो दर चार वर्षांनी तिला वाढत्या वयानुसार पळवायचा. शर्यत संपेपर्यंत इंदुताई पाणीही घेत नसत.

या वेळी ती शेवटची आली. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली. कानाजवळ एक पांढरी बट दिसत होती.

"तेहतिसाव्या वर्षी केतकी निवृत्त होत आहे," टीव्ही म्हणाला.

"अगं, रडू नकोस," दत्तोपंत बायकोला म्हणाले. "तिचं वय कमी करता येतं. करू का?"

"नको हो. खूप पळाली पोर. दमली आता."

इंदुताईंनी पाण्याचा पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"अहो, खेळ संपला की पोरी घरीच येतात ना?"

दत्तोपंत उठले आणि त्यांनी दाराची कडी काढून ठेवली.