चार बोटांचं माप

हेस्टरचे बाबा अमोस ससे धरायची लांबलचक जाळी विणायचे आणि जाळ्याचं प्रत्येक घर स्वतःच्या चार बोटांवर मापायचे. मापाची फळी घ्या म्हटलं की म्हणायचे, "पोरी, फळी हरवते. बोटं काही मी पबमध्ये विसरून येत नाही."

विणायला घेतलेल्या जाळ्याचा तपकिरी दोरा संपत आला, तेव्हा नाताळात तिनं नॉरिचहून हिरवा आणला. स्वेटर त्यांच्या अंगावर लोंबत होता.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? स्वेटर धुऊन सैल झालाय."

मार्चमध्ये ते गेले. नाताळात बाबा धडधाकट होते, असं ती तेव्हापासून स्वतःला समजावत होती.

आज ते शेवटचं जाळं सफरचंदाच्या झाडाला टांगून ती वरच्या कडेतून दोर ओवत होती. बाबांना हे जाळं विणायला सांगून ठेवलेला म्हातारा गॅरड काठीवर रेलून बघत होता.

"अमोसनं हे काय केलं गं? या टोकाची घरं एवढीशी! सशाचं डोकं तरी शिरेल का? पेंगत विणलं की काय गड्यानं?"

हेस्टरनं टोकाच्या हिरव्या घरात आपली चार बोटं घातली. नेमकी बसली. बाबांची बोटं तिच्या दीडपट जाड होती. ती एकेक घर चाचपत मागे मागे जाऊ लागली.



हिरवा दोरा संपला, नाताळाआधीचा तपकिरी लागला, तरी घरं तिच्याच बोटांएवढी होती.