म्हशाची घोंगडी

बेटावरच्या लष्करी तळावर महिन्यातून एकदाच टपालाचं जहाज येई. या खेपेला भावेशला मुरबाडहून आईचं बोचकं आलं. आत जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतली जाडजूड घोंगडी! बराकीत हशा पिकला. इथं अंगावर बनियनसुद्धा नकोसं व्हायचं. पण आईने टीव्हीवर पाहिलेले जवान बर्फातलेच. तिला समजावून तो थकला होता. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. "जत्रा पालथी घातली, तेव्हा गावली," आई म्हणाली. "थंडीत कामाला येते ना रे?" भावेशने घोंगडी पांघरली. "येते गो आये. लय थंडी हाय." कपाळावरून घाम ओघळला. मागे तिघे उघडेबंब दोस्त हसू दाबताना गदगदा हलत होते. आईने मोबाइल डोळ्यांशी नेला. "बघ, कशी ऊब! घाम फुटला. पण ती मागची उघडी पोरं कशी कुडकुडतात रे! थांब, पुढल्या जहाजानं तिघांना पण धाडते."