फरशीचा तुकडा

अरे ऐका! कन्नडच्या घाटात सांडूबाबांनी मला अन् शिवराजला जागा दाखवली, जिथं त्यांचे भिल्ल पूर्वज इंग्रजांशी लढून मेले. आपल्या पुस्तकात ओळसुद्धा नाय! बाबा म्हणले, “आमच्यावानी आपापल्या दारातला दगड इथं ठेवा, म्हंजे तुमी घरचे. पण जागा कुणाला सांगू नका.” शिवराजनंच शब्द दिला, “कुणाला सांगणार नाय, बाबा. आजवर तुमाला कुणी विचारलं नाय, आता आमी आहोत.” पुढच्या खेपेला त्यानं दगड ठेवला. माझ्या फ्लॅटच्या दारात कुठला दगड? मी फरशीचा तुकडा ठेवला. बाबा लई हसले. शिवराजनं तिथली रील टाकली, लोकेशनसकट! काल मी एकटाच गेलो, तर त्याच दगडांवर चढून पोरं सेल्फी काढत होती अन् बाबा बाजूला उभे. मी म्हणलो, “बाबा, मी नाय सांगितलं!” बाबांनी वाकून माझा तुकडा शोधला, धोतरानं पुसला, हातात दिला. “तुझ्याच दारात ठेव.” शिवराज, हात पुढं कर. बाबांनी तुझाबी दगड परत दिलाय.