टाचांचा आवाज

राजधानी लोमेतला गोऱ्या गव्हर्नरांच्या काळातला जुना राजवाडा लोकांना खुला झाला, तसा बाबांनी कडक टाचांचे नवे बूट घेतले. दारातल्या रखवालदाराने बुटांवर चढवायला कापडी पिशव्या पुढे केल्या. बाबा हलेनात. मी पुटपुटले, "घाला ना. रुसलेल्या जावयासारखे काय अडून बसलात?" रखवालदार म्हणाला, "आजोबा, लाकडी जमीन आहे, चरे पडतात." "पडू देत," बाबा म्हणाले. "माझा बाप इथे वाढपी होता. आपल्यात राजापुढे चपला काढतात, मान म्हणून. इथे मात्र त्याला जन्मभर अनवाणी राबवलं, कारण गोऱ्या साहेबाला पावलांचा आवाज खपत नव्हता. माझी पावलं वाजू देत." रखवालदाराने पिशव्या टोपलीत टाकल्या. बाबा टाचा आपटत जेवणाच्या दालनाच्या पार टोकापर्यंत सावकाश चालत गेले. मी मागे वळून पाहिलं, तर रखवालदार स्वतःचे बूट काढून दारात अनवाणी उभा होता.