व्याजाची झोप

हेमलता दुसाने शीतनिद्रेतून जागी झाली, तेव्हा उशाशी पिकल्या केसांची एक बाई बसली होती.

"आई, मी ऋजुता," ती म्हणाली. पोटच्या लेकीला ओळखायला हेमलताला क्षणभर वेळ लागला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्या तुटपुंज्या फंडात म्हातारपण निभणार नाही, हे हेमलताला कळून चुकलं होतं. म्हणून इतरांसारखीच तीही पैसे गुंतवून तीस वर्षं निजली. निजलेल्या माणसाचं वय वाढत नाही, व्याज मात्र वाढत राहतं, असं निद्रागृहाच्या लोकांनी समजावलं होतं.

"किती झाले गं?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"वीसपट झाले. पण भाव त्याहून वाढलेत. जेमतेम वर्षभर पुरतील." ऋजुताने तिचा हात धरला. "सगळेच झोपायला लागले, आई. पिकवणारे, राबणारे उरलेच नाहीत."

हेमलता म्हणाली, "असू दे. तू आहेस ना सोबत."

ऋजुताने मान खाली घातली. लेकीच्या अंगावरही निद्रागृहाचा झगा आहे, हे हेमलताला आता दिसलं.

"मीही निवृत्त झाले. आज माझा नंबर आहे. तुला एकदा बघायचं म्हणून थांबले होते."

"अगं, माझं काय झालं ते बघतेयस ना?"

"बघतेय. पण जागी राहिले, तर माझे सहा महिनेही निघणार नाहीत."

हेमलता धडपडत पलंगावरून उतरली. तिने लेकीला तिथे निजवलं, डोळे मिटेपर्यंत तिच्या केसांवरून हात फिरवला आणि कुठे काम मिळेल का, ते विचारायला बाहेर पडली.