दुपारी एकची रेघ
पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणाऱ्या वेधशाळेतले जुने आलेख रद्दीत निघाले, तेव्हा निवृत्तीला आठवडा उरलेल्या निरीक्षकाने एक गुंडाळी मागून घेतली. "ही तर बिघडलेली आहे, काका," नवी शास्त्रज्ञ म्हणाली. "रेघ हलते ती सूर्यावरच्या वादळांनी; इथे सूर्यावर सगळं शांत असताना रोज दुपारी एकला खचलीय." "ती आमची ही," तो हसला. "नवं लग्न. डबा घेऊन सायकलवरून थेट यंत्राच्या खोलीपाशी यायची. सायकलच्या लोखंडाने यंत्र बिथरायचं. साहेबांनी मला झापलं, मग ती फाटकापासून चालत यायला लागली. गेल्या वर्षी गेली, तोवर रोज आली." शास्त्रज्ञ तरुणीने रेघेवर बोट फिरवलं. "या एका गुरुवारी मात्र तासभर खचलीय." "आदल्या दिवशी भांडलो होतो. मी म्हटलं, जेवणार नाही. बाईसाहेब सायकल धरून भर उन्हात दारातच उभ्या राहिल्या. डबा पुरता रिकामा झाला तेव्हा कुठे हलल्या."