भिंतीची उंची

चौऱ्याण्णव साली गुडगावात नवी सोसायटी उभी राहत होती. दहा खेळांच्या डेकॅथलॉनमधले फौजेचे चॅम्पियन, सुभेदार खंडेराव, तिथे सिक्युरिटीचे प्रमुख होते. बिल्डर म्हणाला, "सुभेदारसाब, ये दीवार कूदके दिखाओ." खंडेरावांनी ऐटीत ओलांडली. बिल्डरने विटांचे दोन थर चढवले. त्यांनी तीही ओलांडली. शेवटी खंडेराव आपटले, तेव्हा कुठे बिल्डरचं समाधान झालं आणि भिंत तेवढ्याच उंचीची राहिली.

आता खंडेराव त्याच सोसायटीत मुलाकडे, यतीनकडे राहतात. हल्ली ते परतीची वाट विसरतात, म्हणून यतीनने गेटवर बजावून ठेवलंय, बाबांना एकटं बाहेर सोडायचं नाही. रोज संध्याकाळी ते भिंतीपाशी चवड्यांवर उभे राहतात आणि स्वतःशीच पुटपुटतात,

"खंड्या, तेव्हा जरा लवकर आपटला असतास, तर आज निदान रस्ता तरी दिसला असता."